इब्राहिमचाचांची डावी बाजू

इब्राहिमचाचांच्या जीपला डावा आरसा नव्हता. त्या जागी चाची होती.

मी थट्टा करत नाही. पुढच्या सीटवर डावीकडे साबिराचाची बसायची. डोक्यावरचा पदर कानांमागं घट्ट खोचलेला, अर्धा चेहरा खिडकीबाहेर, आणि जीप हलली रे हलली की तिची ड्यूटी सुरू. "डावा मोकला," असं ती जाहीर करायची. चाचा मान न वळवता "बराबर हाय" म्हणायचे आणि मगच गिअर बदलायचे. डावा मोकळा नसेल तर काय आडवं आलंय ते ती नावानिशी सांगायची. सायकल हाय. शेरडा हायत. येष्टी घुसतेय. एकदा भर बाजारात तिनं सांगितलं की वकीलसाहेब हायत, छत्री उघडतायत. मागच्या गाड्या भोंगे वाजवून वाजवून थकल्या, पण वकीलसाहेबांची छत्री पूर्ण उघडेपर्यंत चाचांनी जीप जागची हलवली नाही.

इतर जीपवाले पुढच्या सीटवर चार-चार माणसं कोंबायचे. दारातल्या माणसाचा एक पाय आणि अर्धं अंग महाडपासून पोलादपूरपर्यंत हवा खात जायचं. चाचांच्या पुढच्या सीटवर मात्र चाची आणि तिची कापडी पिशवी, बस्स. वर्षातून एकदा जीप पासिंगला न्यायची असे, तेव्हा चाचा शेजारच्या टेम्पोचा आरसा उसना आणून लावत आणि संध्याकाळी पुसून परत करत. त्या दिवशी चाचीला सुट्टी. दोन दोन कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा पोलादपूरला एका सरकारी कचेरीत कारकून होते. राहायला महाडात. आमची आळी जिथं संपते तिथं मोहल्ला सुरू होतो आणि मोहल्ल्यातलं पहिलं घर चाचांचं. त्यामुळं सकाळी जीप दारातूनच मिळायची. आम्ही नोकरीवाले ठरलेले सहा-सात जण मागच्या बाकांवर बसून जायचो आणि संध्याकाळी तसेच परत यायचो. त्यात माझ्या शेजारी गमरे गुरुजी. गुरुजी पोलादपूरच्या शाळेत शिकवायचे आणि जीपमध्ये झोपायचे. राजेवाडी फाटा यायच्या आत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलेलं असायचं. मी ते नारळ उचलावा तसं उचलून पलीकडच्या खांद्यावर द्यायची, आणि पलीकडचा माणूस पुढच्या वळणावर ते मला परत करायचा.

आता चाचांविषयी. उंच, हडकुळे, दाढी मेंदीनं लाल, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीशी मतभेद. हायवेवरचे मैलाचे दगड चुकीचे आहेत, ते मोजणाऱ्यानं जेवण झाल्यावर मोजले, असं त्यांचं ठाम मत होतं. एस. टी. स्टँडवरचं घड्याळ चुकीचं. डॉक्टर चुकीचा. मी कचेरीत काय काम करते हे त्यांनी एकदा विचारलं, मी सांगितलं, तर तेही चुकीचंच निघालं. "तसा नसता ते, बाय," म्हणाले आणि माझंच काम त्यांनी मला समजावून सांगितलं. अशा माणसाच्या तोंडून "बराबर हाय" हे दोन शब्द दिवसभरात एकाच व्यक्तीला मिळायचे, आणि ती व्यक्ती खिडकीबाहेर तोंड काढून शेरडं बघत बसलेली असायची.

हे सगळं सुरू झालं कशेडी घाटात. चाचांनी उभी हयात ट्रकवर काढली. मुंबईचा माल गोव्याकडं आणि तिकडचा इकडं, आणि मध्ये कशेडी. एकदा ते चाचीला खेडच्या माहेराहून ट्रकमध्ये बसवून आणत होते. क्लीनर तापानं फणफणून मागं ताडपत्रीवर पडलेला, घाटात धुकं असं की स्वतःचा बोनेट दिसेना, त्यात दरड खाली आल्यामुळं उरलेला रस्ता एका गाडीपुरता. चाचीनं काही न विचारता डावं दार उघडलं, दाराखालच्या फळीवर उभी राहिली आणि कड किती उरलीय ते सांगायला लागली. दोन हात हाय. एक हात हाय. आता नाय, थांबा. ट्रक पोलादपुरात उतरला तेव्हा चाचा इतकंच म्हणाले, "बराबर हाय." गुडघे गेल्यावर त्यांनी ट्रक सोडला, ही जुनी जीप घेतली, आणि सगळ्यात आधी तिची पुढची डावी सीट नवी शिवून घेतली. चालकाची सीट शेवटपर्यंत फाटकीच होती.

"ध्यान गेला का गाडी गेली," हे चाचांचं ब्रीद. दिवसातून चार वेळा ऐकवायचे. त्यासाठी जीपमध्ये कायदे होते. शेंगा फोडायच्या नाहीत, टायर फुटल्यासारखं वाटतं. पेपर फडफडवायचा नाही. लग्न जुळवण्याच्या गोष्टी काढायच्या नाहीत, कारण मुलगी कुणाची हे चाचांना मागं वळून विचारावंसं वाटतं. मोबाइल नवे नवे आले तेव्हा आमच्यातल्या दोघांनी घेतले. चाचीनं आपली कापडी पिशवी मागं धरली आणि आम्ही देवळात चपला काढाव्या तसे त्यात मोबाइल टाकले. पिशवीत अधूनमधून काहीतरी वाजायचं. चाची पिशवीला चापट मारायची आणि ते गप्प व्हायचं.

खरं सांगायचं तर त्या जीपमध्ये ध्यान जाण्याचा सगळ्यात मोठा धोका खुद्द चाचांनाच होता. कुणी नुसतं "कशेडी" म्हटलं की संपलं. वळण कसं होतं ते दाखवायला उजवा हात वर जायचा, समोरून ट्रक कसा आला ते दाखवायला डावा, आणि स्टिअरिंग गुडघ्यांच्या स्वाधीन. म्हणून चाचीनं तो शब्दच जीपमध्ये बंद करून टाकला होता. नव्या माणसाला ती बसतानाच बजावायची, घाटाचा नाव काढायचा नाय. एकदा खेडकडं निघालेल्या एका पाहुण्यानं अगदी निरागसपणे विचारलं की पुढं कुठला घाट लागतो. सगळी जीप छताकडं बघायला लागली. गुरुजीसुद्धा जागे झाले.

चाचांचा मुलगा अश्फाक कुवेतला. गाड्यांच्या कामातच होता, आणि वडील या वयात हायवेला जीप हाकतात या काळजीनं तिकडं त्याला घास गोड लागत नसे. तिथल्या गाड्यांत काय काय सोयी निघाल्यात हे तो रोज बघत होता. मग सुट्टीवर येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बॅगेत खजूर, अत्तर आणि अब्बांच्या सुरक्षिततेसाठी एखादं यंत्र यायला लागलं.

पहिलं आलं ते जीप मागं घेताना वाजणारं. लोकांनी बाजूला व्हावं म्हणून. नुसता भोंगा वाजला असता तर लोक झालेही असते, पण यातून एक विलायती धून निघायची. चाचांनी गल्लीत पहिल्यांदा रिव्हर्स टाकला आणि मोहल्ल्यातली झाडून सगळी पोरं धावत जीपच्या मागं येऊन नाचायला लागली. एरवी तिथं कुणी नसायचं. चाचा खाली उतरून त्यांना हाकलायचे, परत बसून रिव्हर्स टाकायचे, धून सुरू, पोरं परत. शेवटी त्यांनी जीप मागं घेणंच सोडून दिलं. घरासमोर तोंड फिरवायला लागू नये म्हणून ते थेट चवदार तळ्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं गल्लीत शिरायचे. आम्हांला रोज संध्याकाळी फुकटात गावप्रदक्षिणा व्हायची.

दुसरं यंत्र कानामागं अडकवायचं. गाडी चालवताना झोप आली आणि मान खाली गेली की ते कानात जोरात शिट्टी मारायचं. चाचांनी ते पहिल्यांदा लावलं तो दिवस मी जन्मात विसरणार नाही.

त्याचं असं आहे की ट्रकवाल्याची मान रस्त्यावर सारखी वाकत असते. महाड सोडताना दर्गा लागला, चाचांनी मान झुकवली, शिट्टी. पुढं देऊळ लागलं, मान झुकवली, शिट्टी. "रस्त्यावर बसलेल्या सगल्यांशी बरा ठेवायचा" हा त्यांचा धंद्याचा नियम. टपरीवाल्याला सलाम, शिट्टी. समोरून येणाऱ्या एस. टी.च्या ड्रायव्हरला सलाम, शिट्टी. त्यांच्या उमेदीतला एक ट्रकवाला फाट्यावर म्हातारा होऊन बसलेला असायचा, त्याला चाचा दोनदा मान लववत, दोन शिट्ट्या. चाचीला ती शिट्टी डावीकडून येणाऱ्या रिक्षाची वाटली, म्हणून तिनं रिक्षा रिक्षा म्हणून ओरडायला सुरुवात केली. गुरुजी झोपेतच "वर्गात शांत बसा" म्हणाले.

त्यात यंत्र दिसायचं बहिऱ्यांच्या यंत्रासारखं. चाचांना ऐकू येईनासं झालं ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली आणि जो तो त्यांच्याशी तोंड कानाला लावून बोलायला लागला. चाचाही तेवढ्याच जोरात सांगायचे, मी बहिरा नाय. त्यामुळं लोकांची खात्रीच पटली. मग त्यांनी मान वाकवणं बंद केलं आणि सलामाच्या वेळी हनुवटी वर उचलायला लागले. तेव्हा कुवेतचा पैसा चाचांच्या डोक्यात गेला असं लोक म्हणायला लागले. आठवडाभरात चाचीनं ते त्यांच्या कानामागून काढलं आणि शांतपणे गमरे गुरुजींच्या कानामागं लावलं. अश्फाकनं पाठवलेल्या वस्तूंमध्ये खरा उपयोग झाला तो एवढाच. माझा खांदा मोकळा झाला.

हे असं हसतखेळत चाललं होतं. मग म्हशी यायला लागल्या.

एका सकाळी लोहाऱ्याच्या अलीकडं, सरळसोट सपाट रस्त्यावर, चाची म्हणाली, "म्हस हाय." चाचा "बराबर हाय" म्हणाले, जीप हळू केली, जवळजवळ थांबवली, आणि पुन्हा चालू लागले. मी डावीकडं पाहिलं. शेत, बांध, एक बगळा. म्हशीचं नाव नाही. मला वाटलं, माझी नजर चुकली. दोन दिवसांनी परत म्हैस. मग आठवड्यातून तीन-चारदा. कधी राजेवाडीच्या पुढं, कधी पोलादपूर दिसायला लागल्यावर. म्हैस तर कुणालाच दिसायची नाही, पण जीप मात्र थांबायची. बँकेतला तरुण शिपाई एकदा मागून म्हणाला की चाचा, म्हैस कुठंय. "गेली ती," चाचा म्हणाले, "तुला बघून बसनार हाय का?"

रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारणारी जीप लपून राहते थोडीच. मागून येणाऱ्यांनी पाहिलं, फाट्यावर चर्चा झाली. चाचांचं वय झालं, डोळे गेले, भास होतात, एक दिवस सगळ्यांना घेऊन नदीत जातील. आमच्यातले दोघं दुसऱ्या जीपनं जायला लागले. चाचांना कुणी तोंडावर काही बोललं की ते भडकायचे. जीपचं वय बघा, माझं कशाला बघता, असं म्हणायचे. आणि जीपचं वय बघितलं तर प्रश्न आणखीच गंभीर व्हायचा.

मी मात्र मागच्या बाकावर अशा जागी बसायची की मधल्या आरशात मला चाचांचे डोळे दिसायचे. एकदा सहज नजर गेली आणि मग मी मुद्दाम लक्ष ठेवायला लागले. चाची "म्हस हाय" म्हणायची. चाचा समोर बघायचे नाहीत की डावीकडं बघायचे नाहीत. आधी मधल्या आरशात बघायचे. मागं कुणी आहे का. रस्ता रिकामा असला की बेतानं ब्रेक दाबायचे. मागं ट्रक चिकटलेला असला की ब्रेकला पायही लावायचे नाहीत, नुसता हॉर्न वाजवून म्हणायचे, "पलाली बघ ती." ज्याला खरंच म्हैस दिसते तो माणूस आधी मागं बघेल का हो? त्याचा पाय आधी ब्रेकवर जाईल. चाचांना पक्कं ठाऊक होतं की समोर काहीही नाही.

मग मी चाचीकडं बघायला लागले. ती हल्ली मला आवाजावरून ओळखायची. मी पिशवीत मोबाइल टाकायला हात पुढं केला की पिशवी माझ्या हाताच्या बाजूला वीतभर अंतरावर धरायची. घरी चहा द्यायची तेव्हा कपाच्या कडेला बोट लावून ओतायची. शेरडं, सायकल, एस. टी. ती अजून बरोबर सांगायची, पण त्यांना सगळ्यांना आवाज असतो. आवाज नसलेली एखादी हातगाडी आली तर ती "डावा मोकला" म्हणायची, आणि चाचा "बराबर हाय" म्हणून हातगाडीला हळूच वळसा घालायचे.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाचीचे डोळे गेले होते. तिला ते कळू नये, आपण अजून ह्यांचा डावा आरसा आहोत असंच तिला वाटावं, म्हणून हा जगाशी भांडणारा माणूस नसलेल्या म्हशींसाठी ब्रेक मारत होता आणि सगळ्या तालुक्यात स्वतःला म्हातारचळ लागला असं म्हणवून घेत होता. मला त्याचा रागही आला, कारण मागच्या बाकावर आम्हीही बसलो होतो. पण त्या दिवसापासून मी दुसऱ्या जीपचा विचार सोडून दिला.

फाट्यावरची चर्चा कुवेतला पोचायला वेळ लागला नाही. त्या वर्षी अश्फाक स्वतःच सुट्टीवर आला. बॅगेत एक मोठा बाहेर फुगलेला डावा आरसा होता. तो घेऊन जीपजवळ गेला तर चाचांनी आडवे होऊन अडवलं. तुझी आई जिवंत असताना दुसरा आरसा लावायचा नाय, म्हणाले. अश्फाक गरीब स्वभावाचा मुलगा, पण या वेळी ठरवूनच आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्याबरोबर मागच्या बाकावर येऊन बसला, माझ्या आणि गुरुजींच्या मध्ये. तो कशासाठी बसलाय हे पुढच्या सीटवरच्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, आज तरी म्हैस नको.

लोहाऱ्याच्या अलीकडं म्हैस आली.

रस्ता आरशासारखा स्वच्छ होता. चाचांनी मधल्या आरशात पाहिलं, तिथं त्यांना मुलाचा चेहरा दिसला असणार. एखादा कचरला असता. त्यांनी "बराबर हाय" म्हटलं आणि ब्रेक दाबला. अश्फाकचा चेहरा पडला. त्याच्या कानाशी गुरुजींच्या यंत्रानं शिट्टी मारली, तरी तो हलला नाही.

पोलादपूरला सगळे उतरले. चाची सीटवरच बसून होती. अश्फाकनं वडिलांना चहाच्या टपरीमागं नेलं. मी चहाचे पैसे द्यायला गेले होते, तिथंच अडकले. अब्बा, तिथं म्हैस नव्हती, तो म्हणाला. तुम्हांला नसलेलं दिसतं. आता बस झालं, किल्ली माझ्याकडं द्या, मी गिऱ्हाईक बघतो.

मला वाटलं, आता चाचा उसळणार. मैलाच्या दगडांपासून सुरुवात करून कुवेतपर्यंत सगळं चुकीचं ठरवणार. ते उभे राहिले, दाढीवरून हात फिरवला आणि जीपकडं पाहिलं. चाची खिडकीबाहेर तोंड काढून बसली होती.

"व्हय," ते म्हणाले. "दिसतात मला म्हशी. माझा वय झाला." आणि खिशातली जादा किल्ली त्यांनी मुलाच्या हातावर ठेवली. "संध्याकालची फेरी तेवढी मारू दे. या मान्सांना घरी सोडायचा हाय."

आयुष्यात ज्यानं कधी कुणापुढं चूक कबूल केली नाही, त्यानं पहिल्यांदा केली तीही न केलेली. दिवसभर कचेरीत माझं कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी जीपजवळ अश्फाक एकटा उभा होता. मी त्याला इतकंच म्हटलं की भाऊ, परत जाताना समोर बघू नकोस, मधल्या आरशात अब्बांचे डोळे बघ. आणि मग अम्मीकडं बघ. तो गोंधळला, पण मान हलवली त्यानं.

परतीला निघालो तेव्हा ही शेवटची फेरी आहे हे सगळ्यांना कळलं होतं. गुरुजीसुद्धा जागे होते. चाची मात्र नेहमीसारखीच. डावा मोकला. बराबर हाय. सायकल हाय. बराबर हाय. एका शेडजवळ बिनआवाजाची हातगाडी आडवी आली. डावा मोकला, चाची म्हणाली. बराबर हाय, चाचा म्हणाले आणि वळसा घातला. अश्फाकनं हातगाडीकडं पाहिलं, मग आरशात, मग आईच्या पाठीकडं. मी त्याच्याकडं न बघताही मला कळलं, की त्याला कळलं.

लोहारं मागं पडलं, सपाट रस्ता लागला, आणि चाचीनं आवाज दिला, "म्हस हाय."

चाचांनी काही बोलायच्या आत मागून अश्फाक म्हणाला, "बराबर हाय, अम्मी." मग मीही म्हटलं, बराबर हाय. गुरुजींना काही समजलेलं नव्हतं, पण सगळे म्हणतायत म्हणून त्यांनीही म्हटलं. चाचा चमकले, त्यांनी मधल्या आरशात आमची तोंडं पाहिली, आणि तेवढ्यात डावीकडच्या बांधामागून एक म्हैस रस्त्यावर आली.

खरी म्हैस. काळीभोर, अंगाला चिखल, पाण्याच्या टाकीएवढी.

चाचांनी ब्रेक असा मारला की जीप करकचून तिरकी झाली. गुरुजी अश्फाकवर, अश्फाक माझ्यावर, चाचीच्या पिशवीतले मोबाइल खाली सांडून एकदम वाजायला लागले. म्हैस बोनेटपासून हातभर अंतरावर थांबली, तिनं चाचांकडं बघितलं आणि सावकाश पलीकडं गेली. चाचांनी हळूच चाचीकडं मान वळवली. गाडीत बसल्यावर त्यांनी तिच्याकडं पाहिल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते. "बराबर हाय" म्हणायला त्यांना बराच वेळ लागला.

मग महाड येईपर्यंत ते अंगात आल्यासारखे बोलत होते. काय नजर, काय नजर. बघितलास ना, अश्फाक? आणि तू आरसा लावतोस. अश्फाक नुसता हसत होता आणि डोळे पुसत होता. चवदार तळ्याला वळसा घालून जीप दारात आली तेव्हा त्यानं उतरताना सकाळी घेतलेली जादा किल्ली वडिलांच्या हातावर परत ठेवली आणि घरात निघून गेला.

मी चाचीला उतरायला हात दिला. तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि चाचा बोनेटपाशी गेल्याचं कानांनी हेरून माझ्या कानाशी आली.

"खरीच म्हस होती गो?"

होती चाची, मी म्हटलं.

"या अल्ला," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून अंग हलेपर्यंत हसली. मग माझा हात न सोडता तिनं सांगितलं. तिला केव्हापासून दिसत नव्हतं. रस्ता ती कानांनी ऐकून सांगत होती. पण चाचांना ते कळलं असतं तर त्यांनी जीपच बंद केली असती, आणि जीप बंद झाली तर हा माणूस घरात बसून भिंतींशी भांडून मरेल. म्हणून ती काही बोलली नाही. आणि म्हशी, मी विचारलं.

"सपाट रस्त्याला हा मध्येच गिअर खाली घेतो बघ," ती म्हणाली. "चढ नाय, काय नाय. इंजिन रडायला लागतो. मग समजायचा, हा पोचला कशेडीला. हात हितं, मन ट्रकवर. हाक मारली तर दचकेल, म्हातारा झालास म्हटला तर रागवेल. म्हनून म्हस सांगते. म्हस बोलली का परत येतो." तिनं माझ्या हातावर थोपटलं. "तू नको हां सांगू त्याला. त्याला वाटतंय, मला दिसते."

मी तिला काहीच सांगितलं नाही, आणि त्यांनाही नाही. कुवेतचा आरसा शेवटी चाचांच्या ओट्यावर खुंटीला लागला. त्यात बघून ते दाढीला मेंदी लावायचे आणि आरसा चुकीचा आहे, मी एवढा जाडा नाय, असं म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या जागेवर बसले. आमच्यातले पळालेले दोघंही परत आले होते, खऱ्या म्हशीची बातमी फाट्यावर पोचली होती. गुरुजींनी कानामागं यंत्र अडकवलं. राजेवाडी फाटा गेला, सपाट रस्ता लागला, ऊन कोवळं होतं, आणि मध्येच इंजिनचा आवाज जड झाला. आता मलाही तो ऐकू आला. मी मधल्या आरशात पाहिलं. चाचांचे डोळे समोर होते आणि कुठंतरी फार लांब होते.

चाचीनं खिडकीबाहेर तोंड काढलं. "म्हस हाय," ती म्हणाली.

चाचांनी पापणी लववली, मागचा रस्ता पाहिला, ब्रेकवर हलकेच पाय ठेवला.

"बराबर हाय," ते म्हणाले आणि कशेडीहून परत आले.